गावच्या बैठकीतून नवा विचार निघावा कसा?

ग्रामविकासाच्या कार्यात बैठकीस असलेले महत्त्व कोणीही नाकारणार नाही. ग्रामसभा असो, शेतीशाळा असो, शेतकरी गटाची मासिक सभा असो, ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या दैनंदिनीत आठवड्यास एक-दोन बैठकांची नोंद असावयाचीच. परंतु या बैठकांत प्रत्यक्ष काय घडते हे शांतपणे पाहिले, तर बहुतेक बैठका या ऐकण्याच्या बैठका असतात असे आढळून येते. अधिकारी बोलतात, दोघे-तिघे प्रतिष्ठित गृहस्थ दुजोरा देतात, एखादा अनुभवी बागायतदार शंका विचारतो, आभार होतात, भ्रमणध्वनीवर छायाचित्र निघते आणि मंडळी उठतात. माहिती पोचविण्यास ही रीत पुरेशी आहे. बियाण्यास औषध कसे चोळावे, अनुदानाचा अर्ज कोठे करावा, हे अशा बैठकीत सांगता येते. पण ज्या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नाही, जे उत्तर गावाची जमीन, गावाचे पाणी आणि गावाची माणसे पाहूनच शोधावयाचे आहे, तेथे ही रीत कामास येत नाही.

असा प्रश्न पाचोड परिसरातील शेतकऱ्यास नवा नाही. या भागाने मोसंबीवर जीव लावलेला आहे. नाथसागरासारखा विशाल जलाशय पैठण तालुक्यातच असला, तरी अनेक बागा विहिरी, बोअर व शेततळी यांच्याच पाण्यावर उभ्या आहेत. २०१२-१३ च्या अवर्षणात छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) व जालना या दोन्ही जिल्ह्यांत कित्येक बागा वाळल्या. कोणी टँकरने पाणी घालून झाडे जगविली, तर कोणी दहा-बारा वर्षांची झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणास घातली. ज्या वर्षी विहीर मार्चअखेर तळ गाठणार हे पौषातच दिसू लागते, त्या वर्षी आंबे बहार धरावा की सोडावा? सर्व झाडांस थोडे थोडे पाणी द्यावे, की निम्म्या झाडांवर पाणी सोडावे? गव्हास पाणी द्यावे की बागेस? विद्यापीठाच्या शिफारशी आपणांस पुष्कळ दूर नेतात, पण शेवटची चार पावले शेतकऱ्यासच टाकावी लागतात, आणि ती एकट्याने टाकण्यापेक्षा वस्तीने मिळून विचार करून टाकली तर अधिक बरे, असे माझे मत आहे. मात्र मिळून विचार करणे म्हणजे एकत्र बसणे नव्हे. या दोहोंत मोठे अंतर आहे.

मिळून विचार करण्याचा एक गंभीर प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झालेला आहे व त्याचे स्मरण आज फारसे कोणी करीत नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावी शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. गावातील वीसेक मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, आणि खरे काम त्यानंतर सुरू होई. ऐकलेल्यावर चर्चा करावयाची, आपल्या गावी यांतले काय करता येईल ते ठरवावयाचे, व प्रश्न आकाशवाणीकडे लेखी पाठवावयाचे. त्या प्रश्नांना पुढील कार्यक्रमांत उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना त्यांनी नुसता रेडिओ असलेल्या व रेडिओच नसलेल्या गावांशी केली. मंडळांच्या गावी शेतकऱ्यांच्या ज्ञानात ठळक वाढ आढळली. नुसत्या रेडिओच्या गावी मात्र फरक अल्पच पडला. यंत्र तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच. भेद काय तो चर्चेचा. त्या वेळी पाचोड हैदराबाद राज्यात असल्याने हा प्रयोग आपल्या भागापर्यंत आला नाही. मराठवाड्याचे मुंबई राज्यात विलीनीकरण झाले ते त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला.

चर्चेने ज्ञान वाढते, हे पुण्याच्या प्रयोगाने दाखविले. चर्चेने नवी कल्पनाही निघते काय, हा पुढचा प्रश्न. त्याच काळात अमेरिकेत जाहिरातीच्या धंद्यातील अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या गृहस्थाने त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. १९५३ च्या आपल्या पुस्तकात त्याने सामूहिक विचारमंथनाचे चार नियम सांगितले. कोणाच्याही सूचनेवर त्याच वेळी टीका करावयाची नाही. विचित्र वाटणारी कल्पनाही मोकळेपणाने मांडू द्यावयाची. सूचना जितक्या अधिक तितक्या चांगल्या असे मानावयाचे. आणि दुसऱ्याच्या सूचनेत भर घालून ती सुधारावयाची. या चौघांत पहिला नियम मुख्य होय. कल्पना काढणे व कल्पना पारखणे ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत, हे त्याचे सार.

आपल्या पुराणांतील समुद्रमंथनाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या मंथनातून अमृत निघाले खरे, परंतु आधी हलाहल निघाले. हलाहल पाहून देवदानवांनी दोर टाकून दिला असता, तर पुढची रत्ने समुद्रातच राहिली असती. आमच्या बैठकांत नेमके हेच होते. एखाद्या तरुणाने भीत भीत पहिली सूचना केली आणि ती कच्ची निघाली की, पारावरचे वडीलधारे एका वाक्यात तिचा निकाल लावतात. “असलं काही आपल्याकडं चालत नसतंय” हे ते वाक्य. त्यानंतर तो तरुण तर बोलत नाहीच, पण त्याच्या शेजारी बसलेले चौघेही तोंड उघडीत नाहीत.

तथापि ऑसबॉर्नचे सर्वच म्हणणे खरे ठरले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी व ब्लॉक या संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली. चौघांचा गट एकत्र बसवून त्यांच्या कल्पना मोजल्या, व दुसरीकडे चार माणसे वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना एकत्र करून मोजल्या. वेगवेगळ्या बसलेल्या चौघांच्या एकत्रित कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या! पुढे १९८७ साली जर्मनीतील डील व श्ट्रोबे यांनी त्याचे कारण शोधले. गटात एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. इतरांस थांबावे लागते. थांबता थांबता मनातील विचार विरतो, किंवा ऐकता ऐकता दुसऱ्याच्याच वाटेने जाऊ लागतो. पाटावरचे पाणी एकाच दाऱ्यातून जाऊ दिले तर मागची सगळी शेते कोरडी राहतात, तसाच हा प्रकार.

याचा अर्थ गट मोडून टाकावा असा नाही. आधी एकेकट्याने विचार, मग सर्वांनी मिळून पारख, असा क्रम लावावा एवढाच आहे. अमेरिकेतील डेलबेक व व्हॅन डी व्हेन यांनी १९७० च्या सुमारास याच तत्त्वावर एक पद्धत बसविली. ती आपल्या वाडी-वस्तीवर कशी चालवावी, हे येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण तत्त्व सगळ्यांस पटते, परंतु बैठक चालविताना गाडी पुन्हा जुन्या चाकोरीत शिरते.

प्रथम प्रश्न नीट बांधावा. “मोसंबीच्या समस्या” हा प्रश्न नव्हे. त्यावर भाषणेच होतील. “मार्चनंतर पाणी नसेल तर आपल्या वस्तीवरील झाडे जूनपर्यंत कशी जगवावी?” हा प्रश्न होय. तो मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीस लावावा व दोनदा वाचून दाखवावा. नंतर पाच मिनिटे कोणीही बोलावयाचे नाही. ही पाच मिनिटे फार जड जातात. कोणी खाकरतो, कोणी तंबाखूची चंची काढतो, कोणी हसतो. कार्यकर्त्यासही ती शांतता सोसवत नाही व तो काहीतरी समजावून सांगू लागतो. त्याने सांगू नये. ज्यांस लिहिता येते त्यांनी चिठ्ठीवर लिहावे, ज्यांस येत नाही त्यांनी मनात जुळवावे किंवा शेजारच्या विद्यार्थ्याकडून कानात सांगून लिहून घ्यावे.

त्यानंतर एका टोकाकडून सुरुवात करून प्रत्येकाने एकच सूचना सांगावी. शक्यतो वयाने लहान असलेल्यांपासून आरंभ करावा, कारण वडिलांनी मत दिल्यावर मुलगा वेगळे मत देत नाही, ही आपली चांगली चाल आहे व येथे ती आड येते. सूचना बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावी. कार्यकर्त्यांच्या हातून सर्वांत मोठा बिघाड येथे होतो. शेतकरी म्हणतो, “झाडाखाली सोयाबीनचं भूस टाकावं”, आणि कार्यकर्ता लिहितो, “सेंद्रिय आच्छादनाचा अवलंब”. लिहिलेले वाचून दाखविले की, ते आपलेच बोलणे आहे हे त्या शेतकऱ्यास ओळखू येत नाही व तो पुढच्या फेरीत गप्प राहतो. सूचना संपेपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्यात. या वेळात वाद नाही, शाबासकीही नाही. शाबासकीनेही इतरांचा कल त्याच बाजूस झुकतो.

अशा बैठकीत पाण्याच्या प्रश्नावर काय काय निघू शकते? या वर्षी बहारच धरू नये, म्हणजे फळांचे ओझे नसल्याने झाड कमी पाण्यावर तगेल. लागलेली फळे काही प्रमाणात तोडून टाकावीत. वाळलेल्या व दाट फांद्यांची छाटणी करावी. पाचट, भुसा, वाळलेले गवत यांचे आच्छादन करावे. रब्बीत गव्हाऐवजी हरभरा घ्यावा. दोन विहिरींच्या मालकांनी पाणी एकत्र करून पाळी लावावी. बागेतील म्हातारी व डिंक्याने खंगलेली झाडे आताच काढून त्यांचे पाणी तरण्या झाडांस द्यावे. टँकर वस्तीने मिळून ठरवावा. यांतील काही सूचना शास्त्रास धरून आहेत, काहींचा विचार करावा लागेल, व एखादी निव्वळ भांडणास कारण होणारी असेल. हरकत नाही, अद्याप पारख व्हावयाची आहे.

पारखण्याचे काम मात्र कसोशीने करावे. प्रत्येक सूचनेचा अर्थ विचारून घ्यावा, सारख्या सूचना एकत्र कराव्यात, मग निवड करावी. हात वर करून निवड करू नये. गावात कोणाचा हात कोणाच्या हाताकडे पाहून वर जातो, हे आपण सर्व जाणतो. त्यापेक्षा प्रत्येकाच्या हाती पाच चिंचोके द्यावेत. सूचनांची चित्रे काढलेली बोळकी आडोशास मांडावीत. आणि एकेकाने जाऊन आपल्या पसंतीच्या बोळक्यांत चिंचोके टाकावेत. लिहिता न येणाऱ्यास व लिहिता येणाऱ्यास येथे सारखेच वजन मिळते. मोजणी सर्वांसमक्ष करावी. ज्या दोन-तीन बोळक्यांत अधिक चिंचोके पडले, त्यांवर तेव्हा कोठे मोकळी चर्चा सुरू करावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो वजनदार आहे. शेतकऱ्यास अगोदरच वेळ नाही. त्यास उत्तर हवे असते, चिंचोक्यांचा खेळ नको, असे कित्येक अनुभवी सहकारी म्हणतात. जेथे उत्तर ठाऊक आहे तेथे त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. बोर्डो मलमासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी हे प्रमाण बहुमताने बदलत नाही. कीटकनाशकाची मात्रा, एका औषधात दुसरे औषध मिसळावे की नाही, फवारताना अंगावर काय घालावे, हे प्रश्न विचारमंथनास मुळीच काढू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे विसरता येणार नाही. तेथे लेबलावरील सूचना हाच शब्द अंतिम. कार्यकर्त्याचे पहिले कौशल्य हे की, कोणता प्रश्न सांगण्याचा आणि कोणता प्रश्न विचारण्याचा, हे त्याने बैठकीपूर्वीच निवडून ठेवावे.

परंतु शेतकऱ्यास फक्त उत्तरच द्यावे या मताची दुसरी बाजूही पाहावी. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला, तेव्हा अधिकाधिक फवारणी हेच उत्तर वरून खाली सांगितले जात होते. आणि त्या फवारणीने कोळ्यांसारखे मित्रजीव मरून तुडतुडे उलट वाढत होते. १९८६ साली तेथील शासनाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, व १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकऱ्यांचे लहान गट बांधावर जाऊन किडी व मित्रजीव स्वतः मोजत, मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढून त्याभोवती ते मांडीत, व फवारावे की थांबावे हे आपापसांत ठरवीत. आपल्या राज्यातील शेतीशाळा याच पद्धतीवर आधारलेल्या आहेत. ज्या शेतीशाळेत तो कागद व रंगीत खडू बाहेरच निघत नाहीत, तिला शेतीशाळा म्हणावे काय, हा प्रश्न मला पडतो.

विचार करण्याची जागा व निर्णय करण्याची जागा वेगळी ठेवणे किती लाभाचे असते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाने दाखवून दिले आहे. तेथे अभ्यासगट बसतात. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येतात, माहिती मागतात, देतात, वाद घालतात. पण निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे अभ्यासगटात कोणास हरण्याचे भय नसते. त्या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो या दीर्घ अभ्यासाच्या बळावर. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारही पावसाळा संपताच गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतो व मगच पिकांचे ठरवितो. आकडे आधी, मते नंतर, हा क्रम पाचोड परिसरातील प्रत्येक वस्तीस उचलता येण्याजोगा आहे. विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजण्यास खर्च येत नाही.

आता बैठकीस कोणास बोलवावे, याविषयी. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्यास आपण शेतकरी म्हणतो व त्यासच निरोप धाडतो. पण रात्रीच्या विजेवर बागेस पाणी भरणारा असतो तो सालगडी. कोणत्या सरीत पाणी मुरते, कोणत्या नळीतून थेंबच पडत नाही, हे अंधारात फावडे धरून उभा राहणारा जाणतो, आणि बैठकीच्या वेळी तो पाणीच भरीत असतो! खुरपणी, वेचणी, फळांची निवड ही कामे बहुतांशी स्त्रियांची. गळलेल्या फळांचे ढीग त्याच उचलतात. फळगळ कोणत्या झाडाखाली आधी सुरू झाली हे त्यांस विचारले पाहिजे. सासऱ्यासमोर सून बोलणार नाही, म्हणून स्त्रियांची बैठक वेगळी, त्यांच्या सवडीच्या वेळी घ्यावी. हे अशक्य आहे असे पाचोडात तरी कोणी म्हणू नये. येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने किशोरवयीन मुलींचे सायंकाळचे वर्ग गावोगाव चालविले, त्यांतून विवाहाचे वय पुढे ढकलण्यासारख्या नाजूक विषयावरही मुली बोलत्या झाल्या. समवयस्कांत बसविले की जीभ मोकळी होते.

एकट्या माणसाच्या निरीक्षणाचे मोल किती, याचे उदाहरण म्हणून दादाजी खोब्रागडे यांचे नाव घेतले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातील या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी जपले, आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ पुढे आला. अशी माणसे प्रत्येक गावी थोडीबहुत असतात. बैठकीत ती मागच्या रांगेत बसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांविषयी विचारणा होते. त्यांचा उपयोग निरोपास उत्तम आहे. विचार काढण्यास मात्र तेथेही पाराचीच गत आहे. पहिला जो बोलतो त्याच्यामागे अंगठ्यांची रांग लागते. प्रश्न गटावर टाकावा, पण उत्तरे कार्यकर्त्याकडे एकेकट्याने, आवाजाच्या निरोपाने पाठवावीत असे सांगावे. मग नावे न घेता सर्व सूचना एकत्र वाचून दाखवाव्यात.

माझा शेवटचा आग्रह खात्याच्या नोंदवहीविषयी आहे. आमच्या बैठकीचा अहवाल उपस्थितांची संख्या, विषय, मार्गदर्शकाचे नाव व छायाचित्र एवढ्यावर पूर्ण होतो. साठ माणसे जमली व एकही सूचना निघाली नाही, तरी बैठक यशस्वी. बारा माणसे जमली व वीस सूचना निघाल्या, तरी ती उपस्थितीअभावी फसली असे ठरते. कार्यकर्ता ज्याची मोजणी होते तेच करणार, त्यास दोष देण्यात अर्थ नाही. नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत: निघालेल्या सूचना, निवडलेली सूचना, आणि ती कोणाच्या शेतात किती झाडांवर करून पाहिली. यास नवा निधी लागत नाही.

तिसरा रकाना भरणे सर्वांत अवघड आहे. त्यासाठी निवडलेली सूचना संपूर्ण बागेवर न करता एका बागेत दोन ओळींवर करावी व शेजारच्या दोन ओळी नेहमीप्रमाणे ठेवाव्यात. आच्छादन ठरले असेल तर दोन ओळींस आच्छादन, दोन उघड्या. पाणी चारही ओळींस सारखेच. मे महिन्यात गटातील सर्वांनी, सालगड्यांसह व स्त्रियांसह, तेथे जाऊन बोटभर माती उकरून ओल पाहावी, पानांची कळा पाहावी, गळलेली फळे मोजावीत, आणि आकडे त्याच कागदावर, मूळ सूचनेच्या खाली, लिहावेत. आंबे बहाराचा ताण देण्याचा विचार मार्गशीर्षात सुरू होतो. तेव्हा पहिली बैठक दिवाळीनंतर लगेच, विहिरींच्या पातळ्या मोजून झाल्यावर, घेणे सोयीचे पडेल.